चैत्रातला अंदाज आणि इगतपुरीची रेषा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कधीतरी कल्याणहून नाशिकची गाडी पकडा आणि वाटेत मोबाईल जरा बाजूला ठेवा. कसाऱ्यापर्यंत अंग घामाने चिकट झालेलं असतं. तिथून घाट सुरू होतो. ३७ फुटांमागे १ फूट असा तो चढ आहे, म्हणून मागून जादा इंजिनं लावून गाडी वर ढकलतात. बोगदे येतात, दरी येते आणि चौदा-पंधरा किलोमीटर चढून इगतपुरी आली की खिडकीतून अचानक चांगला वारा येतो. पुढे घोटी, अस्वली, लहवित ओलांडताना हवा कोरडी होत जाते आणि नाशिकरोडला उतरेपर्यंत ओठ सुकायला लागतात. कसारा ते नाशिकरोड म्हणजे रेल्वेने साधारण ६५ किलोमीटर. तेवढ्यात आपण किनाऱ्याची हवा, डोंगराची हवा आणि पठाराची कोरडी हवा अशा तिन्ही हवा खाऊन झालेलो असतो.

माझा पीएचडीचा विषय मुंबई इलाख्यातले पावसाचे अंदाज आणि महसूल खातं यांच्या संबंधांचा आहे. म्हणजे मी हवामानशास्त्राची नाही, इतिहासाची विद्यार्थिनी. पहिल्या वर्षी एका चर्चासत्रात मी मोठ्या हौसेने एक आलेख दाखवला होता. खाली वर्षं, उभ्या रेषेवर 'नाशिक जिल्हा, सरासरी पाऊस', आणि वर लाल ठिपक्यांनी दुष्काळाची वर्षं. काही लाल ठिपके चक्क सरासरीच्या रेषेजवळ बसले होते. मी त्याचा अर्थ लावला, की पाऊस पुरेसा होता पण सरकारी धोरणामुळे दुष्काळ पडला. मागच्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, हा पाऊस नेमका कुठल्या गावात पडला?"

मला उत्तर देता आलं नाही.

तो प्रश्न किती खोल आहे हे कळण्यासाठी थोडं गणित करू. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात ७०० च्या आसपास आणि जिल्ह्याच्या पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे ५०० ते ६००. समजा जिल्ह्यात तीनच पर्जन्यमापक आहेत आणि त्यांचे नेहमीचे आकडे ३०००, ७०० आणि ५०० आहेत. सरासरी १४०० आली. एवढा पाऊस तिन्हींपैकी एकाही गावात पडत नाही, पण ते सोडा. आता असं वर्ष घ्या, की इगतपुरीला नेहमीपेक्षा दहा टक्के जास्त पडला, म्हणजे ३३००. नाशिकला आणि येवल्याला मात्र तीस टक्के कमी, म्हणजे ४९० आणि ३५०. सरासरी काढा: १३८०. नेहमीपेक्षा दीड टक्कासुद्धा कमी नाही! जिल्ह्याचा पाऊस 'सरासरीइतका' आणि तीनपैकी दोन ठिकाणी बाजरी करपलेली. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण रोग खरा आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस आकाराने इतका मोठा असतो, की तो सरासरीत बाकीच्यांचा आवाज दाबून टाकतो. शिवाय घाटमाथ्यावर पाऊस वर्षागणिक तितका कमी-जास्त होत नाही. पर्जन्यछायेत मात्र तो फार लहरी असतो. म्हणजे ज्या भागाला अंदाजाची खरी गरज आहे, नेमका तोच भाग सरासरीत दिसेनासा होतो.

हे का होतं तेही दोन ओळीत सांगते. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीला आपटतो, वर चढतो, चढताना थंड होतो आणि पाणी टाकून देतो. कडा ओलांडून पलीकडे उतरताना तोच वारा तापतो, त्यातले ढग विरतात. इगतपुरी बरोबर त्या कड्यावर बसली आहे.

आता मूळ प्रश्न. वसंतात, म्हणजे पाऊस यायच्या दोन-तीन महिने आधी, 'यंदा कुठे किती' हे सांगायचा खटाटोप फार जुना आहे. आणि जेव्हा जेव्हा माणसाने हे सांगितलं, तेव्हा त्याला आधी मुलुखाचे तुकडे पाडावे लागले: हा किनारा, हा डोंगर, हा कोरडा देश. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण या तुकड्यांवरच आहे. ते कोणी पाडले, कशासाठी पाडले, आणि इगतपुरी प्रत्येक वेळी कुठल्या तुकड्यात गेली?

सुरुवात कौटिल्यापासून करता येते. अर्थशास्त्रात कोठारासमोर एक अरत्नी, म्हणजे हातभर, रुंद तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजायला सांगितलंय आणि पुढे प्रदेशवार पाऊस दिलाय. जांगल, म्हणजे कोरड्या मोकळ्या प्रदेशात १६ द्रोण. अनूप, म्हणजे पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट. गोदावरीकाठच्या अश्मकांचा आकडा जांगलापेक्षाही कमी, अवंतीचा २३. आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, अमित. हिमालयाकडच्या प्रदेशालाही तसंच, मोजदाद नाही. वाचताना मला गंमत वाटली ती याची, की हा तक्ता सीताध्यक्षाच्या प्रकरणात येतो. सीताध्यक्ष म्हणजे राजाच्या शेतीचा अधिकारी. पाऊस मोजायचा तो कोठारापाशी आणि वापरायचा तो पेरणी ठरवायला. इगतपुरी या तक्त्यात कुठे बसेल? पश्चिमेला अमित अपरांत, पूर्वेला तुटपुंजा अश्मक. मधल्या कड्याला नावच नाही.

दुसरी परंपरा पंचांगाची. पाडव्याला संवत्सरफल ऐकायची पद्धत अजून पुष्कळ गावांत आहे: यंदाचा राजा कोण, मंत्री कोण, मेघेश कोण. ज्योतिषात रोहिणीचा वास पाहण्याची एक जुनी रीत आहे. सूर्य मेष राशीत शिरतो त्या वेळच्या नक्षत्रावरून मोजत जाऊन रोहिणी कुठे पडते ते बघायचं. ती समुद्रात पडली तर भरपूर पाऊस, तटावर पडली तर चांगला, संधीत पडली तर तुटक आणि पर्वतावर पडली तर कमी. पुन्हा तेच, समुद्र, किनारा, डोंगर! मेषसंक्रांत एप्रिलच्या मध्यावर येते आणि आजचं हवामान खातं मोसमी पावसाचा पहिला अंदाज देतं तोही साधारण त्याच सुमाराला. यातून काही सिद्ध होत नाही. शेतकऱ्याला बियाण्याचा आणि कर्जाचा निर्णय घ्यायचा असतो तो वैशाखाच्या आधी, म्हणून सगळ्यांनाच चैत्रात बोलावं लागतं, एवढंच. बाकी रोहिणी पर्वतावर गेली की पाऊस कमी, हे वाचून घोटीचा भातवाला हसेल.

आता सरकारी अंदाजाकडे येऊ, कारण माझं साहित्य मुख्यतः तिथलं आहे.

भारतीय हवामान खातं १८७५ साली निघालं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. लगेच १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ पडला. दख्खनची त्यात धूळधाण झाली. दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० साली आला आणि सरकारला पुढच्या पावसाची आगाऊ खबर हवीशी वाटू लागली. ब्लॅनफर्ड यांनी उत्तर शोधलं ते हिमालयात. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर, विशेषतः पश्चिमेकडे, बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिलं, तर वायव्येकडून कोरडे वारे वाहतात आणि मैदानावर पाऊस लांबतो, असं त्यांनी १८८४ च्या निबंधात मांडलं. कारण समजायला सोपं आहे: बर्फ ऊन परत फेकतं, वितळायला उष्णता खातं, त्यामुळे जमीन हवी तशी तापत नाही. सिंध-थरच्या वाळवंटावर उन्हाळ्यात हवा तापून कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि मोसमी वाऱ्याला खेचण्यात त्याचा मोठा वाटा असतो. काही वर्षं चाचपणी करून ४ जून १८८६ रोजी पहिला नियमित अंदाज निघाला, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशासाठी.

म्हणजे बघा, डोंगरावरचं वसंतातलं बर्फ, वाळवंटातली वैशाखातली हवा आणि किनाऱ्यावरच्या कुलाबा वेधशाळेसारख्या ठिकाणचे दाबाचे आकडे, या तिन्हींवर बाजरीचं भवितव्य बांधलं गेलं. कुलाब्याची वेधशाळा तर खात्याच्याही पन्नास वर्षं आधीची, १८२६ ची.

मुंबई इलाख्यापुरतं बोलायचं तर आणखी एक गोष्ट विसरू नका. ३१ मार्च १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे इलाख्याच्या पावसाच्या हिशेबात एका टोकाला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पावसाचं जेकबाबाद आणि दुसऱ्या टोकाला ५५०० च्या वरचं महाबळेश्वर. कराची, रत्नागिरी, धुळे, नाशिक सगळे एका गव्हर्नरच्या टेबलावर. सिंधच्या ओळीशेजारी ठेवलं की येवल्याचे ५०० मिलिमीटर श्रीमंत दिसतात! दख्खनचा पूर्वभाग अवर्षणप्रवण आहे हे दुष्काळ हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, तो आरोप मी करत नाही. पण तक्त्यात 'कोरडा' हा शब्द कोणासाठी राखून ठेवला होता हे पाहायला हवं. जेकबाबादला पाऊस कमी पडला तरी सिंधूचे कालवे होते. येवल्याला पावसाशिवाय काहीच नव्हतं. कमी पाऊस आणि पावसावरचं अवलंबन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मिलिमीटरचा तक्ता फक्त पहिली सांगतो. (तेव्हा मिलिमीटर नव्हते, इंच आणि सेंट होते. जुन्या कागदात '१०' दिसलं तर ते इंच की सेंट हे आधी तपासा. १० सेंट म्हणजे अडीच मिलिमीटर. मी एकदा गफलत करून बसले आहे आणि त्याबद्दल जास्त बोलणार नाही.)

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर १८८९ साली जॉन इलियट आले. त्यांनी बर्फात भर घातली: एप्रिल-मे मधली देशातली हवा, हिंदी महासागरावरची आणि ऑस्ट्रेलियाकडची स्थिती. अंदाज लांबत गेला, चांगला डझनावारी पानांचा झाला. आणि १८९९ साली तो तोंडावर आपटला. अंदाज बऱ्या पावसाचा होता. प्रत्यक्षात पश्चिम आणि वायव्य भारतात पावसाने जी ओढ दिली, तिची आठवण राजस्थान-गुजरातेत अजून 'छप्पनिया' म्हणून काढतात, कारण विक्रम संवत १९५६ होतं. मुंबई इलाख्यात गुजरात, खानदेश, दख्खन सगळे होरपळले. वर्तमानपत्रांनी खात्याला धारेवर धरलं. पुढे काही वर्षं हे अंदाज लोकांना न देता फक्त सरकारी अधिकाऱ्यांना गोपनीय म्हणून दिले जात. माझ्या दृष्टीने संशोधनाचा विषय इथे उघडतो. अंदाज चुकल्यावर सरकारने पहिली दुरुस्ती केली ती अंदाज कोण वाचणार यात.

इलियट यांच्या जागी १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. गडी केंब्रिजचा गणिती, हवामानाशी संबंध शून्य. बूमरँग हवेत कसं फिरतं यावर त्यांनी अभ्यास केला होता, इतकंच काय ते हवेशी नातं. कारणमीमांसेच्या भानगडीत फार न पडता त्यांनी जगभरच्या आकड्यांचे परस्परसंबंध काढायला लावले. हातानं, कारकुनांची फौज बसवून. १९०९ च्या सुमाराच्या त्यांच्या सूत्रात चार गोष्टी होत्या: हिमालयातलं बर्फ, मॉरिशसचा दाब, दक्षिण अमेरिकेतला वसंतातला दाब (त्यांचा शरद, अर्थात) आणि झांझिबारचा एप्रिल-मे मधला पाऊस. यातूनच पुढे प्रशांत महासागरावरच्या दाबाच्या हेलकाव्याचा शोध लागला, ज्याला आज आपण एल निनोसोबत ओळखतो. ती कहाणी सगळीकडे मिळेल, म्हणून इथे सोडते.

मला हवी आहे ती त्यांची दुसरी, कमी गाजलेली कृती. अख्ख्या देशाचा एक आकडा देऊन उपयोग नाही हे वॉकर यांनी ओळखलं, आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला देशाचे तीन भाग केले: द्वीपकल्प, वायव्य भारत, ईशान्य भारत. तत्त्व असं, की ज्या भागात पाऊस साधारण एकदम वाढतो आणि एकदम घटतो, तो एक भाग. गणिताच्या बाजूने हे शहाणपणाचं होतं. पण इगतपुरी आणि येवला, दोघेही 'द्वीपकल्प' झाले. कड्याची ही बाजू आणि ती बाजू हा फरकच संपला. ईशान्येचा अंदाज काही वर्षांनी बंद पडला. द्वीपकल्प आणि वायव्य भारत मात्र १९८७ पर्यंत टिकले. साठ वर्षांहून जास्त!

नंतरचं भराभर सांगते. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी १६ घटकांचं प्रारूप आणलं आणि पुन्हा अख्ख्या देशाचा एक आकडा आला. हिमालयातलं बर्फ त्या सोळांतही होतंच. हे प्रारूप बरीच वर्षं चाललं, आणि २००२ साली १०१ टक्के सांगून ८१ टक्क्यांवर आपटलं. जुलैत देशात निम्माच पाऊस झाला होता. १८९९ ची आठवण यावी अशी गोष्ट, फरक इतकाच की या वेळी अंदाज गोपनीय झाला नाही. उलट २००३ पासून तो दोन टप्प्यांत, एप्रिलमध्ये आणि नंतर सुधारून, असा जाहीर व्हायला लागला. आज दुसऱ्या टप्प्यात देशाचे चार भाग करतात: वायव्य, मध्य, दक्षिण द्वीपकल्प आणि ईशान्य. महाराष्ट्र यात मध्य भारतात येतो. म्हणजे शंभर वर्षांत इगतपुरी तसूभर न हलता द्वीपकल्पातून मध्य भारतात गेली. तिथे तिचे शेजारी म्हणजे विदर्भ, ओडिशा आणि गुजरात.

हवामानाचे उपविभाग वेगळे. त्यात कोकण-गोवा एक, मध्य महाराष्ट्र दुसरा, आणि या दोघांमधली रेषा जिल्ह्याच्या हद्दीवरून जाते. नाशिक जिल्हा मध्य महाराष्ट्रात, ठाणे कोकणात. कसारा कोकण, इगतपुरी मध्य महाराष्ट्र. ढगाला हे कोणी सांगितलेलं नसतं.

उन्हाळ्याच्या अंदाजातही हीच पंचाईत. उष्णतेची लाट कधी म्हणायची याचे हवामान खात्याचे निकष तीन आहेत: मैदानात कमाल तापमान निदान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३०, शिवाय ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर हवं. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, शेजारी १६४६ मीटरचं कळसूबाई. तिला डोंगराळ म्हणायचं की मैदान? नाशिकही साधारण तितक्याच उंचीवर आहे आणि तिथे ४० ओलांडल्याशिवाय कोणी लाट म्हणत नाही. इंग्रजी अमदानीत रेल्वे आल्यावर (कसारा-इगतपुरी मार्ग १८६५ ला सुरू झाला) मुंबईचे गोरे लोक एप्रिल-मे मध्ये हवापालटासाठी इगतपुरीला येत. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ती डोंगरावर होती. महसूल खात्याच्या दृष्टीने ती नाशिकचा एक तालुका होती. रेल्वेच्या दृष्टीने ती घाटाचा माथा होती, जिथे जादा इंजिन सुटतं. गाव तेच.

आता जी बाब सापडल्यावर माझा आलेख मी फाडला, ती सांगते. कौटिल्याचं भांडं कोठारासमोर होतं. इंग्रजांचा पर्जन्यमापक तालुक्याच्या कचेरीत होता. दोन हजार वर्षांच्या अंतराने पाऊस मोजायची जागा तीच राहिली, जिथे सारा मोजला जातो. इगतपुरीची कचेरी गावात, आणि गाव अगदी कड्यावर. तिथल्या मापकात जो पाऊस पडतो, तो त्याच तालुक्यात पूर्वेला पाच-दहा मैलांवर पडत नाही. म्हणजे जिल्ह्याची सरासरी खोटी म्हणून मी तालुक्याकडे वळले, तर तालुक्याचा आकडाही अर्ध्या तालुक्याचाच! दुष्काळात सूट-तहकुबी ठरवताना मात्र हेच आकडे आणेवारीच्या जोडीने कामाला येत. १८८३ साली जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेला नाशिक जिल्ह्याचा गॅझेटिअर आपण सगळेच उचलून वापरतो. वापरा, पण पावसाच्या आकड्यापाशी थांबून भांडं कुठे ठेवलं होतं हे विचारा. नकाशा काढा, त्यावर कचेरी दाखवा, कड्यापासून अंतर मोजा. माझं हे काम तीन आठवड्यांत झालं, आणि त्याने दोन वर्षांचा युक्तिवाद उलटा केला. लाल ठिपक्यांचा अर्थ आता मी असा लावते: त्या वर्षी पूर्वेकडच्या तालुक्यांत पाऊस पडलाच नसण्याची शक्यता आधी नाकारावी लागेल, धोरणाबद्दल नंतर बोलता येईल. वसाहतवादी सरकारला यात सूट मिळते असं काही मित्रांना वाटतं. मला वाटत नाही. सरासरीच्या आड पूर्वेची ओढ दिसली नसेल, तर ती न दिसणं हाही धोरणाचाच भाग होता.

हा प्रश्न जुन्या कागदांपुरता नाही. इगतपुरी तालुक्यातच, नांदगावजवळ, दारणा धरण आहे. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते बांधून पुरं केलं ते कड्यावरचा पाऊस अडवून खाली कोपरगावाकडच्या कोरड्या जमिनीला कालव्याने द्यायला. म्हणजे अंदाजाच्या तक्त्यात जो फरक पुसला गेला, तो इंजिनिअरांना चांगलाच दिसत होता. आज हेच पाणी गोदावरीतून जायकवाडीला जाण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात दर दुष्काळी वर्षी वाद पेटतो. आणि ज्या तालुक्यात पाऊस मावत नाही, तिथल्याच काही वाड्यापाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो. कातळ उतार, पाणी धरून ठेवत नाही. वर्षाची बेरीज ३००० असली तरी तिच्यातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून वाहून गेलेला असतो.

गेल्या एप्रिलमध्ये घोटीच्या बाजूला एका शिवारात गेले होते. राब भाजायचे दिवस. भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून वर माती टाकतात आणि पेटवून देतात. तण मरतं, राख मिळते. एक काका काठीने कडा सारखी करत होते. मी सांगितलं, हवामान खात्याचा पहिला अंदाज येतोय, देशात किती टक्के ते कळेल. ते म्हणाले, "ताई, देशाच्या पावसाचं आम्ही काय करू? राब भाजून व्हायच्या आत वळीव येतो का, तेवढं सांगा." वळीव आला तर रचलेलं सगळं भिजतं, पेटत नाही. त्याच आठवड्यात निफाड-दिंडोरीकडे उरलेली द्राक्षं काढायची घाई असते. तिथे तोच वळीव गारा घेऊन आला तर बाग संपली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तिकडे कोणी विसरलेलं नाही. कड्याच्या अलीकडे आणि पलीकडे, एकाच जिल्ह्यात, एकाच ढगाचे दोन वेगळे प्रश्न. आणि एप्रिलमधल्या टक्केवारीत दोन्हींचं उत्तर नाही.

अलीकडच्या काही वर्षांत मात्र एक बदल झालाय, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे पुढच्या चार-पाच दिवसांचे इशारे पाहिलेत, तर तक्त्यात आता 'नाशिक' ही एक ओळ असते आणि 'नाशिक घाट' ही दुसरी. पुणे आणि पुणे घाट, सातारा आणि सातारा घाट तसेच. कधी पहिली ओळ हिरवी आणि दुसरी केशरी असते. अर्थशास्त्रातल्या तक्त्यात ज्या कड्याला नाव नव्हतं, त्याला शेवटी स्वतःची ओळ मिळाली. पण ती चार-पाच दिवसांपुरती. चैत्रात जो मोसमाचा अंदाज येतो, त्यात इगतपुरी अजून मध्य भारतच आहे.

सध्या मी जिल्ह्याची सरासरी मोडून सगळे आकडे केंद्रवार मांडते आहे, इंच-सेंटांसकट. इगतपुरीची वही वेगळी केली आहे. नाशिक आणि सिन्नर झाले. येवल्यापर्यंत पोचायला दिवाळी उजाडेल.